स्क्रिप्टमधून ऑपरेटिंग सिस्टिमची फंक्शनं कॉल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला शनिवारी भरणाऱ्या आमच्या सराववर्गात आणि त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. विचारणाऱ्यांत अंधेरी-लोअर परळच्या ऑफिसांत रिपोर्ट ऑटोमेट करणारे आहेत, फोर्टातल्या सीए फर्ममध्ये एक्सेल सांभाळणारे आहेत, इंजिनिअरिंगची मुलंमुलीही आहेत. उदाहरणं मुख्यतः पायथनची आणि त्यातल्या सीटाइप्स या, सी भाषेतल्या लायब्ररींची फंक्शनं थेट कॉल करू देणाऱ्या मॉड्यूलची घेतली आहेत. पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, ते पायथनसोबतच येतं. वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. फंक्शनची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये मूळ रोमन स्पेलिंग हवं, आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरं चुकली तर फंक्शन सापडणार नाही.

१. ऑपरेटिंग सिस्टिमचं फंक्शन स्क्रिप्टमधून कॉल केलं की आत नेमकं काय होतं?

विंडोज आपली कामं कर्नल३२, यूजर३२ अशा डीएलएल फाइलींमधल्या फंक्शनांतून उपलब्ध करून देतं. लिनक्सवर हे काम प्रामुख्यानं लिबसी ही लायब्ररी करते. सीटाइप्स आधी ती लायब्ररी मेमरीत आणतं, तुम्ही दिलेल्या नावावरून फंक्शनचा पत्ता शोधतं, पायथनमधल्या किमती सी भाषेच्या प्रकारांत बदलतं, त्या प्रोसेसरच्या ठरलेल्या रजिस्टरांत किंवा स्टॅकवर ठेवतं आणि त्या पत्त्यावर उडी मारतं. परत आलेली किंमत पुन्हा पायथनच्या रूपात तुम्हाला मिळते.

यातली कळीची गोष्ट अशी, की लायब्ररीत फक्त नाव आणि पत्ता असतो. सोसायटीच्या खालच्या पाटीवर आडनाव आणि फ्लॅट नंबर दिसतो, घरात माणसं किती ते दिसत नाही, तसंच हे. फंक्शनला किती आर्ग्युमेंट लागतात, ती किती बाइटची, परत काय येतं, यातलं काहीही सीटाइप्सला कळत नाही. ते तुम्ही सांगायचं. खालचे बहुतेक प्रश्न ही माहिती न सांगितल्यामुळे किंवा चुकीची सांगितल्यामुळे आलेले आहेत.

२. ओएस-डॉट-सिस्टिमनं कमांड चालवतो तेव्हाही हेच होतं ना?

नाही. तिथं नवा शेल आणि नवी प्रोसेस सुरू होते, आणि त्या प्रोसेसनं छापलेला मजकूर हवा असेल तर तो वेगळा पकडून वाचावा लागतो. इथं फंक्शन तुमच्याच प्रोसेसमध्ये चालतं. म्हणून ते कितीतरी वेगवान असतं, आणि त्यात चूक झाली तर पायथनसकट सगळं बंद पडतं.

३. मग सिस्टिमचं कुठलंही काम असलं की सीटाइप्सच वापरायचं का?

आधी तयार सोय आहे का ते बघा. डिस्कवर किती जागा उरली हे शटिल मॉड्यूल सांगतं, प्रोसेस आयडी ओएस मॉड्यूल देतं, चालू प्रोसेसची यादी आणि मेमरीचा वापर पीएसयूटिल देतं, विंडोजची बरीचशी फंक्शनं पायविन३२ मध्ये नीट बांधून ठेवलेली आहेत. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर इथंच संपतं, आणि ते तसं संपावं असंच मला वाटतं. या मॉड्यूलांच्या मागे अनेकांनी वर्षानुवर्षं निस्तरलेल्या अडचणी आहेत. तयार सोय नसेल तेव्हाच पुढे वाचा.

४. सुरुवात कुठल्या फंक्शनपासून करू?

आर्ग्युमेंट नसलेल्या फंक्शनपासून. लिनक्सवर लिबसीमधलं गेटपीआयडी कॉल करा आणि ओएस मॉड्यूलनं दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. विंडोजवर कर्नल३२ मधलं गेटटिककाउंट६४ घ्या. मशीन सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले ते हे सांगतं.

पण इथंच पहिला खड्डा आहे. परतीचा प्रकार सांगितला नाही तर सीटाइप्स ३२-बिटचा, चिन्हासह पूर्णांक गृहीत धरतं. गेटटिककाउंट६४ मात्र ६४-बिटचा आकडा देतं. मशीन सुरू होऊन २४.८ दिवस होईपर्यंत उत्तर बरोबर दिसतं, मग अचानक ऋण आकडा येतो. “मी तर लॅपटॉप रोज शट डाऊन करते,” असं यावर हमखास सांगितलं जातं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर कर्नल झोपवला जातो आणि हा काउंटर पुढे चालूच राहतो. तो रीस्टार्ट केल्यावरच शून्यावर येतो. उपाय एका ओळीचा आहे: फंक्शनच्या रेसटाइपला, म्हणजे परतीच्या प्रकाराला, सी-यूलाँगलाँग (६४-बिटचा, चिन्हाविना पूर्णांक) द्या. (नावात ६४ नसलेलं जुनं गेटटिककाउंट वापरू नका, ते ४९.७ दिवसांनी मुळातच शून्यावर येतं.)

५. आर्गटाइप्स आणि रेसटाइप न लिहिताही माझा कोड चालतो. मग ते लिहायचं कशाला?

तो चालतो, कारण तुमचा आकडा आज लहान आहे. (आर्गटाइप्स म्हणजे फंक्शनला द्यायच्या आर्ग्युमेंटांच्या प्रकारांची यादी.) हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

विंडोजवर गेटफोरग्राउंडविंडो कॉल करा. ते समोरच्या खिडकीचं हँडल, म्हणजे विंडोजनं तिला दिलेला ओळख-क्रमांक, देतं. ६४-बिट मशीनवरही खिडकीच्या हँडलचे खालचे ३२ बिटच अर्थपूर्ण असतात, त्यामुळे रेसटाइप न देताही काम होतं आणि वाटतं की हे सगळं जमलं. आता तसंच गेटमॉड्यूलहँडलडब्ल्यू कॉल करा. ते मॉड्यूलचा मेमरीतला पत्ता देतं आणि ६४-बिट प्रोसेसमध्ये तो पत्ता ३२ बिटांत सहसा मावत नाही. वरचा अर्धा भाग कापला जातो, एरर येत नाही, आणि उरलेला आकडा दिसायला अगदी खरा वाटतो. तो पुढच्या फंक्शनला दिला की मग प्रोग्रॅम पडतो, आणि आपण चूक त्या दुसऱ्या फंक्शनमध्ये शोधत बसतो.

लिनक्सवर हेच मेमरी मागणारं मॅलॉक आणि ती परत करणारं फ्री या जोडीनं अनुभवता येतं. मॅलॉकला रेसटाइप दिला नाही तर कापलेला पत्ता हातात येतो, तो फ्रीला दिला की बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्रॅम पडतो.

देतानाही तेच. आर्गटाइप्स नसतील तर पायथनचा पूर्णांक सी-इंट म्हणून जातो. मोठा आकडा दिला तर विंडोजवर तो रूपांतरासाठी फार मोठा असल्याचा एरर तरी येतो. ६४-बिट लिनक्सवर तो गुपचूप कापला जातो. म्हणून आमच्या वर्गात नियम एकच: फंक्शन पहिल्यांदा कॉल करण्याआधी त्याचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप दोन्ही लिहून झालेले असले पाहिजेत. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि हँडल असेल तिथं सी-व्हॉइड-पी. अंदाजानं लिहू नका, त्या फंक्शनचं अधिकृत पान उघडून बघून लिहा.

६. विंडोजमध्ये एकाच फंक्शनची ए आणि डब्ल्यू अशी दोन रूपं दिसतात. फोल्डरचं नाव मराठीत असलं की प्रश्नचिन्हं येतात, ती यामुळेच का?

हो, यामुळेच. ए रूप सिस्टिमच्या जुन्या एएनएसआय कोड पेजमध्ये अक्षरं घेतं, डब्ल्यू रूप युनिकोडमध्ये. विंडोजमध्ये देवनागरीसाठी एएनएसआय कोड पेज कधी नव्हतंच. मराठी आणि हिंदी तिथं पहिल्यापासून फक्त युनिकोडवर आहेत. त्यामुळे “पावत्या २०२४” नावाचं फोल्डर ए रूपातून गेलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मूळ नाव परत मिळवायला काही उरत नाही. विंडोज १० च्याच पुढच्या अपडेटांपासून एएनएसआयच्या जागी यूटीएफ-८ लावायची सोय आली आहे. पण ती समोरच्याच्या मशीनवर चालू असेलच असं नाही. नेहमी डब्ल्यू रूपच वापरा.

दुसरा घोळ इथंच होतो. पायथनची साधी स्ट्रिंग सीटाइप्समधून रुंद अक्षरांच्या रूपात जाते. ती चुकून मेसेजबॉक्सए ला दिली, आणि मजकूर इंग्रजी असेल, तर खिडकीत फक्त पहिलं अक्षर दिसतं, कारण त्याच्यामागचा बाइट शून्य असतो आणि शून्य म्हणजे मजकूर संपला. “मुंबई” दिलं तर वेगळंच दिसतं: म चे दोन बाइट पूर्णविराम आणि टॅब म्हणून वाचले जातात, उकाराचे रोमन कॅपिटल ए आणि टॅब म्हणून, ब चे स्वल्पविराम आणि टॅब म्हणून. असा विरामचिन्हांचा खच दिसला की समजावं, ए आणि डब्ल्यूची अदलाबदल झाली आहे. आर्गटाइप्स लिहिलेले असतील (प्रश्न ५) तर सीटाइप्स ही चूक कॉलच्या आधीच पकडतं.

७. फंक्शन ज्यात मजकूर लिहून देणार तो बफर किती मोठा ठेवायचा?

फंक्शन लांबी कशात मोजतं ते आधी बघा: बाइटमध्ये की अक्षर-एककांत. गेटयूजरनेमडब्ल्यू १६-बिटच्या एककांत मोजतं आणि शेवटचं शून्यही धरतं. “मुंबई” हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण अनुस्वार आणि उकार धरून युनिकोडची पाच चिन्हं होतात. विंडोजच्या रुंद अक्षरांत ते १० बाइट, यूटीएफ-८ मध्ये १५.

लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमांवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. म्हणजे देवनागरीत जास्तीत जास्त ८५ चिन्हं, तीही काना-मात्रा-वेलांट्या मोजून. एनटीएफएसवर मर्यादा २५५ एककांची असल्यामुळे तेच नाव विंडोजवर आरामात बसतं. विंडोजवर तयार झालेले लांबलचक मराठी नावांचे रिपोर्ट लिनक्स सर्व्हरवर कॉपी होत नाहीत, त्याचं कारण हे.

बफर नेहमी क्रिएट-युनिकोड-बफर किंवा क्रिएट-स्ट्रिंग-बफरनं बनवा. पायथनची स्ट्रिंग बदलता येत नाही असं इंटरप्रिटर धरून चालतो; तीच फंक्शनला लिहायला दिली तर त्याची मेमरी बिघडते.

८. गेटटाइमझोनइन्फर्मेशन मला ० परत देतं. कॉल फसला का?

नाही, आणि हा प्रश्न आपल्याकडे अगदी सगळ्यांना पडतो. इथं ० चा अर्थ आहे: या टाइम झोनमध्ये उन्हाळी वेळ नाही. भारतात ती नाही, म्हणून मुंबईतल्या मशीनवर ० हेच बरोबर उत्तर. फसल्याची खूण वेगळी आहे: ३२ चे ३२ बिट एक, म्हणजे ४२९४९६७२९५. इंटरनेटवरून उचललेला कोड १ किंवा २ आलं तरच यश मानतो आणि आपल्याकडे विनाकारण एरर दाखवतो.

पुढचा प्रश्न असतो बायसचा. हा आकडा स्थानिक वेळेत मिळवला की यूटीसी मिळते, म्हणून आपल्यासाठी तो –३३० आहे: साडेपाच तासांची मिनिटं, उलट चिन्हानं. तुम्हाला ४२९४९६६९६६ दिसत असेल तर स्ट्रक्चरमध्ये (एकापाठोपाठ फील्ड मांडलेल्या डेटाच्या साच्यात) तो फील्ड चिन्हाविना लिहिला गेला आहे, सी-लाँग करा.

९. स्ट्रक्चरमधले पहिले एक-दोन आकडे बरोबर येतात, पुढचे सगळे भलतेच. का?

कुठल्यातरी फील्डचा आकार चुकला, त्यामुळे पुढचं सगळं सरकलं. सर्वांत आधी सीटाइप्सच्या साइझऑफनं एकूण आकार बघा आणि हातानं मांडलेल्या हिशेबाशी जुळवा. टाइम झोनचं स्ट्रक्चर १७२ बाइटचं भरलं पाहिजे: चार-चार बाइटचे तीन आकडे, ६४ बाइटची दोन नावं, १६ बाइटच्या दोन तारखा. बॅटरीची माहिती देणारं सिस्टिमपॉवरस्टेटस १२ बाइटचं. एक बाइटच्या फील्डनंतर आठ बाइटचा फील्ड आला तर मध्ये सात बाइट मोकळे सोडले जातात आणि आकार ९ न होता १६ होतो. सीटाइप्स हे स्वतःहून करतं, तुम्ही वेगळे भरू नका.

एक फरक लक्षात ठेवण्यासारखा: सी मधला लाँग विंडोजवर ६४-बिटमध्येही ४ बाइटचाच राहतो, ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर तो ८ बाइटचा आहे. दोन्हीकडे चालवायचं असेल तर सी-इंट३२, सी-इंट६४ असे आकार सांगणारे प्रकारच वापरा.

१०. एरर कोड विचारला की दर वेळी वेगळाच येतो.

तुम्ही गेटलास्टएरर हे आणखी एक फंक्शन म्हणून नंतर कॉल करत असणार. मधल्या काळात पायथन स्वतःही सिस्टिमची फंक्शनं वापरत असतो, त्यात तुमचा कोड पुसला जातो. लायब्ररी लोड करतानाच विनडीएलएलला यूज-लास्ट-एरर चालू करायला सांगा आणि नंतर सीटाइप्सचं स्वतःचं गेट-लास्ट-एरर वापरा. लिनक्सवर त्याचप्रमाणे यूज-एररनो.

विनडीएलएल मुद्दाम म्हटलं. सीटाइप्समध्ये तयार मिळणारा, सगळी अक्षरं स्मॉल असलेला विंडीएलएल हा ऑब्जेक्ट संपूर्ण प्रोसेसमध्ये सामायिक असतो. दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलनं त्याच फंक्शनला वेगळे आर्गटाइप्स लावले तर तुमचा कोड मोडतो. आपली प्रत वेगळी लोड करणं बरं.

आणि फंक्शन खरोखर फसलं असेल तरच कोड वाचा. यश मिळाल्यावर त्यात जुना आकडा पडून असू शकतो. फसल्याची खूण प्रत्येक फंक्शनची वेगळी (प्रश्न ८).

११. हजेरीच्या बायोमेट्रिक मशीनसोबत आलेली डीएलएल फाइल समोर दिसतेय, तरी लोड होत नाही. सर, काय करू?

एररचा नंबर बघा. १९३ असेल तर बिट जुळत नाहीत: डीएलएल ३२-बिटची आणि पायथन ६४-बिटचा. अशा मशीनसोबत ३२-बिट डीएलएल अजून सर्रास येतात. एका प्रोसेसमध्ये दोन्ही नांदत नाहीत. ३२-बिट पायथन शेजारी इन्स्टॉल करा, डीएलएलशी बोलणारी छोटी स्क्रिप्ट त्यात चालवा आणि हजेरीचा डेटा फाइलनं किंवा पाइपनं मुख्य प्रोग्रॅमकडे द्या.

१२६ असेल तर बहुधा तुमची फाइल सापडली आहे, पण तिला लागणारी दुसरी डीएलएल सापडलेली नाही. पायथन ३.८ पासून अशा अवलंबून डीएलएल पाथ व्हेरिएबलमध्ये शोधल्या जात नाहीत. ओएस मॉड्यूलच्या ॲड-डीएलएल-डिरेक्टरीनं फोल्डर स्वतः सांगावं लागतं. मुख्य डीएलएलही पूर्ण पाथ देऊनच लोड करा. नुसत्या नावावर सोडलं तर त्याच नावाची भलतीच फाइल लोड होऊ शकते, आणि हा हल्ल्याचा जुना मार्ग आहे.

१२. कॉलबॅक दिला. थोडा वेळ छान चालतं, मग प्रोग्रॅम पडतो.

कॉलबॅकचा, म्हणजे विंडोजनं कॉल करावं म्हणून दिलेल्या तुमच्या फंक्शनचा, ऑब्जेक्ट तुम्ही कुठल्याही व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलेला नाही. पायथनच्या गार्बेज कलेक्टरनं (न लागणारी मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) तो उचलला, पण विंडोजकडे जुना पत्ता तसाच आहे. एनमविंडोजसारखं फंक्शन कॉल संपायच्या आत सगळे कॉलबॅक उरकतं, त्यामुळे तिथं हे दिसत नाही. सेटकन्सोलकंट्रोलहँडलर किंवा हुक लावणारी फंक्शनं कॉलबॅक पुढेही वापरत राहतात, तिथं हमखास दिसतं. मॉड्यूलच्या पातळीवर व्हेरिएबल करून त्यात ठेवा.

१३. फर्ममधल्या जुन्या एक्सेल मॅक्रोत डिक्लेअरच्या ओळी लाल होतात, ६४-बिटसाठी कोड अपडेट करा म्हणतो. सगळे लाँग बदलून लाँगपीटीआर केले तर चालेल?

सगळे नका बदलू. ऑफिस २०१० सोबत आलेल्या व्हीबीए७ पासून (व्हीबीए ही एक्सेल मॅक्रोंची भाषा) ६४-बिट ऑफिसमध्ये डिक्लेअरनंतर पीटीआरसेफ लिहावं लागतं; पण हा शब्द फक्त तुमची हमी आहे, तो स्वतः काही दुरुस्त करत नाही. हमी खरी करायची तर प्रत्येक फंक्शन बघून फक्त हँडल आणि पॉइंटर असतील तिथं लाँगपीटीआर करा. फाइंडविंडो हँडल परत देतं, तिथं लाँगपीटीआर. स्लीपला मिलिसेकंद जातात, तिथं लाँगच राहू द्या. स्ट्रक्चरमधला साधा आकडा लाँगपीटीआर केला तर प्रश्न ९ मधली सरकासरक सुरू होते. जुनं ऑफिस असलेली मशीनंही सांभाळायची असतील तर व्हीबीए७ ची अट घालून दोन्ही डिक्लेअर ठेवा.

१४. रात्रभर स्क्रिप्ट चालू ठेवायची आहे, पण लॅपटॉप झोपतो.

कर्नल३२ मधलं सेटथ्रेडएक्झिक्युशनस्टेट. त्याला दोन फ्लॅग एकत्र करून द्या: ईएस-कंटिन्युअस आणि ईएस-सिस्टिम-रिक्वायर्ड. पहिल्याची किंमत ३२-बिटमधला सर्वांत वरचा बिट आहे, म्हणून आर्ग्युमेंट आणि परतीची किंमत दोन्ही चिन्हाविना, सी-यूइंट लिहा. काम संपलं की नुसतं ईएस-कंटिन्युअस देऊन पुन्हा कॉल करा. झाकण लावून झोपवलेला लॅपटॉप यानं जागा राहत नाही. लिनक्सवर, सिस्टिमडी असेल तिथं, स्क्रिप्ट सिस्टिमडी-इनहिबिटखाली चालवली की झालं. तिथं सीटाइप्सची गरजच नाही.

१५. लिनक्सवर सिस्टिम कॉल थेट नंबरनं देता येतो म्हणतात. द्यावा का?

लिबसीत त्या कॉलसाठी रॅपर, म्हणजे त्याला गुंडाळणारं तयार फंक्शन, नसेल तरच. जीलिबसीत गेटटीआयडीचं रॅपर २०१९ च्या २.३० आवृत्तीत आलं. त्याआधी नंबरच वापरावा लागे. नंबर प्रोसेसरप्रमाणे बदलतात: गेटपीआयडी ६४-बिट इंटेल-एएमडीवर ३९ आहे, ६४-बिट एआरएमवर १७२. लॅपटॉपवर लिहिलेला नंबर रास्पबेरी पायवर भलताच कॉल करेल. विंडोजवर हे करूच नका, तिथं नंबर आवृत्तीगणिक बदलतात.

१६. नव्या मॅकवर प्रिंटएफला आकडा देतो आणि कचरा छापला जातो.

ॲपलच्या एआरएम चिपांवर, बदलत्या संख्येनं आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनांची ती आर्ग्युमेंट रजिस्टरांऐवजी स्टॅकवर जातात. आर्गटाइप्समध्ये ठरलेली आर्ग्युमेंट, इथं फक्त फॉरमॅट स्ट्रिंग, लिहून ठेवा; मग सीटाइप्स उरलेली योग्य जागी ठेवतं. लायब्ररीची फाइल डिस्कवर दिसत नाही म्हणूनही मॅकवाले विचारतात: बिग सरपासून सिस्टिमच्या लायब्ररी एकत्रित कॅशमध्ये असतात. फाइल आहे का ते तपासू नका, सरळ लोड करा.

१७. स्क्रिप्ट काही न सांगता बंद पडते. कुठल्या ओळीवर, तेही कळत नाही.

पायथनला एक्स ऑप्शननं फॉल्टहँडलर चालू करून सुरू करा. प्रोसेस पडता पडता पायथनची कुठली ओळ चालू होती ते तो छापतो. त्या ओळीवरच्या फंक्शनचे प्रकार प्रश्न ५ प्रमाणे तपासा, स्ट्रक्चर दिलं असेल तर प्रश्न ९ प्रमाणे आकार मोजा, आणि ओळ अगदी निरुपद्रवी दिसत असेल तर प्रश्न १२ आठवा किंवा आधीच्या कॉलनं बफरबाहेर लिहिलं का ते बघा.

विंडोजवर कधीकधी ॲक्सेस व्हायोलेशन हा साध्या पायथन एक्सेप्शनच्या रूपात हातात येतो. तो ट्राय-एक्सेप्टमध्ये गिळून पुढे जाऊ नका. तोवर मेमरीत काय लिहिलं गेलं आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढे त्याच प्रोसेसमधून सेव्ह झालेली पगाराची शीट बरोबर असेल याची खात्री देता येत नाही. प्रोसेस बंद करा, चूक शोधा आणि काम पहिल्यापासून चालवा.